आधी प्रवाळ, मग जहाज, आणि जहाजही बाहेरूनच

प्रश्न असा आहे: नवरा-बायको दहा दिवसांच्या सुट्टीसाठी उष्ण कटिबंधातल्या एका बेटावर निघाले आहेत. नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स केला, पण त्यानंतर तो टाकी पाठीला लावून एकदाही पाण्यात उतरलेला नाही. बायकोला पोहता येते, स्कूबाचा अनुभव मात्र नाही. बेटाजवळ प्रवाळाचे खडक आहेत आणि एक बुडालेले मालवाहू जहाज आहे. दोघांना त्या जहाजाच्या आत शिरून बघायचे आहे. हे जमेल का, कोणत्या क्रमाने करावे, काय टाळावे?

आधी थोडक्यात सांगते. प्रवाळ तुम्हा दोघांनाही मनसोक्त बघता येईल. जहाजही बघता येईल, पण सुट्टीच्या शेवटच्या टप्प्यात आणि बाहेरून. आत शिरण्याचा बेत या खेपेला सोडून द्या. मी सोळा वर्षे लोकांना पाण्याखाली नेते आहे. पहिल्याच सुट्टीत घाईने जहाजाच्या पोटात शिरलेले लोक वर आले की भिंती, अंधार आणि पुढच्या माणसाच्या पायातले फिन्स एवढेच सांगतात. बाहेरून सावकाश फेरी मारून आलेल्यांचे बोलणे मात्र संध्याकाळपर्यंत संपत नाही.

आता कारणे. हे थोडे लांबेल, पण तुमची अख्खी सुट्टी याच्यावर उभी आहे.

पाण्याखाली सगळे काही एका कौशल्याभोवती फिरते: हव्या त्या खोलीवर, हातपाय न मारता, स्थिर तरंगत राहणे. याला सगळीकडे बॉयन्सी म्हणतात, आपणही तेच म्हणू. हे जमले की हवा कमी लागते, मासे जवळ येतात, प्रवाळाला धक्का लागत नाही, गाळ उडत नाही आणि मन शांत राहते. जमले नाही तर यातले एकही होत नाही. तुम्ही दोन वर्षांपूर्वी शिकलात, म्हणजे नियम लक्षात असतील, पण शरीर विसरलेले असते. म्हणून तुमची पहिली बुडी रिफ्रेशरची असू द्या, इन्स्ट्रक्टरबरोबर, पाच-सहा मीटर पाण्यात, खाली निव्वळ वाळू असलेल्या जागी. मास्कमध्ये पाणी घेऊन बाहेर काढणे, श्वास घ्यायचा रेग्युलेटर तोंडातून काढून परत शोधणे, जोडीदाराच्या टाकीवरून श्वास घेणे, हे सगळे पुन्हा करा. आणि मग दहा मिनिटे फक्त तरंगा.

शिशाची वजने हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. बहुतेक नवशिक्यांना गरजेपेक्षा दोन-तीन किलो जास्त बांधलेले असतात, कारण तसे केले की ते लवकर खाली जातात आणि बोटीवरचे काम सोपे होते. पण जादा वजन उचलायला अंगातल्या फुगणाऱ्या जॅकेटमध्ये जादा हवा भरावी लागते. ती हवा खोलीनुसार फुगते-आकसते, आणि माणूस पूर्ण वेळ बटण दाबत वर-खाली होत राहतो. पहिल्या दिवशीच वजन तपासून घ्या: पाय टेकत नाहीत अशा पाण्यात पृष्ठभागावर उभे तरंगा, जॅकेट पूर्ण रिकामे करा, नेहमीसारखा श्वास घेऊन धरा. पाणी डोळ्यांच्या पातळीवर आले आणि श्वास सोडल्यावर तुम्ही हळूहळू खाली गेलात, तर वजन जवळपास बरोबर आहे. भरलेल्या टाकीने तपासत असाल तर त्यात आणखी सुमारे दोन किलो धरा. कारण हवेलाही वजन असते. एका टाकीत साधारण अडीच किलो हवा मावते आणि बुडीच्या शेवटी त्यातली बरीचशी तुम्ही वापरून टाकलेली असते. तेव्हा टाकी हलकी होते आणि नेमकी त्याच वेळी तुम्हाला वर येताना पाच मीटरवर स्थिर थांबायचे असते.

वजन जुळले की बाकीचे काम फुप्फुसे करतात. सावकाश आत घेतलेल्या श्वासाने तुम्ही हातभर वर सरकता, सोडलेल्या श्वासाने हातभर खाली. परिणाम लगेच दिसत नाही, दोन-तीन सेकंदांनी दिसतो. त्या दोन-तीन सेकंदांची वाट बघायला शिकणे म्हणजेच बॉयन्सी. फक्त पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही, वर येताना तर अजिबात नाही. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरलेली फुप्फुसे घेऊन श्वास रोखून वर आलात तर तीच हवा दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुसांत तेवढी जागा नसते. उथळ पाणी निर्धोक वाटते, पण हवेच्या आकारमानातला सर्वांत मोठा फरक शेवटच्या दहा मीटरांतच पडतो.

आता तुमच्या पत्नीबद्दल. त्यांच्यासमोर दोन वाटा आहेत. एक म्हणजे इन्स्ट्रक्टरचा हात धरून केलेली ओळखीची बुडी. ती जास्तीत जास्त बारा मीटरपर्यंत असते आणि अर्ध्या दिवसात होते. दुसरी म्हणजे पूर्ण ओपन वॉटर कोर्स, तीन-चार दिवसांचा, ज्यानंतर अठरा मीटरपर्यंत उतरता येते. दहा दिवस हाताशी असतील तर मी कोर्स करायला सांगेन, पण एका अटीवर: त्याचा पुस्तकी भाग निघण्यापूर्वी घरी ऑनलाइन संपवून जा. सुट्टीतले दोन दिवस वर्गात बसून घालवणे वाया जाते. कोर्ससाठी २०० मीटर न थांबता पोहणे आणि दहा मिनिटे तरंगणे एवढे यायला हवे. वेगाला महत्त्व नाही.

आणि एक विनंती, तुम्हाला. पत्नीला पाण्याखाली शिकवायला जाऊ नका. जोडप्यांत हे हमखास होते: ज्याला थोडेसे येते तो दुसऱ्याचे पट्टे ओढतो, वजन बदलतो, खुणा करत राहतो. शिकणारीचे लक्ष इन्स्ट्रक्टरकडे राहत नाही, आणि शिकवणाऱ्याचे स्वतःच्या हवेकडे. पहिले चार दिवस वेगवेगळे उतरा. नंतर एकमेकांचे बडी, म्हणजे पाण्यातले जोडीदार व्हा.

निघण्याआधीची तब्येतीची प्रश्नावली प्रामाणिकपणे भरा. दमा, फिट्स, हृदयविकार, फुप्फुस फुटून छातीत हवा साठल्याचा इतिहास, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काहीही असेल तर डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांची सही लागते, आणि ती आधीच घेऊन ठेवलेली बरी. बेटावर पोचल्यावर "हो" असे एक उत्तर दिले आणि जवळ डॉक्टर नसेल, तर सुट्टी तिथेच अडते. मग लोक खोटे उत्तर लिहितात. गरोदरपणात स्कूबा नको, यात तडजोड नाही. प्रवासी विम्यात डायव्हिंग धरले आहे का आणि किती मीटरपर्यंत, हेही वाचून घ्या. दाबकक्षातल्या उपचाराचा आणि तिथवर नेण्याचा खर्च मोठा असतो आणि साध्या विम्यात तो अनेकदा नसतो.

कानांबद्दल थोडे सविस्तर, कारण सुट्टी वाया घालवणारी क्रमांक एकची गोष्ट हीच. विमान उतरताना कानाला दडे बसतात तसेच इथे बसतात, पण कितीतरी लवकर. पहिल्या दोन-तीन मीटरांतच. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे, आणि हे दुखायला लागल्यावर करायचे नसते, पृष्ठभागावर असतानाच सुरू करायचे आणि दर अर्ध्या-एक मीटरला करत जायचे. दडा सुटत नसेल तर जोर लावू नका. एक मीटर वर या, पुन्हा प्रयत्न करा, मग खाली. पाय खाली ठेवून, दोर धरून उतरलात तर कान सोपे जातात. सर्दी असताना उतरू नका, आणि नाक मोकळे करणारी गोळी घेऊन तर नकोच. तिचा असर खाली असताना उतरला की आत अडकलेली हवा वर येताना बाहेर पडत नाही, आणि वर येणे तर टाळता येत नाही.

आता प्रवाळाकडे येते, आणि इथे मला रेंगाळायचे आहे.

लोक प्रवाळाला सुंदर दगड समजतात. तो दगड म्हणजे घर आहे. त्यात राहतात ते पॉलिप, बहुतेक जातींत काही मिलिमीटरचे, जेलीफिशचे दूरचे नातलग. त्यांच्या पेशींमध्ये सूक्ष्म शेवाळ राहते, ते सूर्यप्रकाशातून अन्न बनवते आणि पॉलिपला त्यातला मोठा वाटा मिळतो. म्हणूनच प्रवाळखडक स्वच्छ, उथळ, उजेडाच्या पाण्यात असतात. घुमटासारखे भरीव प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर वाढतात. फांद्यांचे प्रवाळ अनुकूल पाण्यात दहा सेंटिमीटर किंवा जास्तही. म्हणजे माणसाच्या उंचीचा घुमट दिसला तर तो दीडशे-दोनशे वर्षे तिथे उभा आहे असे समजा. जगातले सगळे प्रवाळखडक मिळून समुद्रतळाचा एक टक्काही व्यापत नाहीत, आणि तरी समुद्रातल्या जवळपास चतुर्थांश जाती कधी ना कधी त्यांच्या आश्रयाला असतात.

नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जरी काही आठवडे तापलेले राहिले, तरी पॉलिप ते शेवाळ बाहेर टाकतो आणि प्रवाळ पांढराफटक पडतो. याला विरंजन म्हणतात. जगभर पसरलेली त्याची चौथी लाट आल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले. तुम्हालाही पांढरे प्रवाळ दिसू शकतील. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो, तो उपाशी असतो. पाणी वेळेत निवले तर शेवाळ परत येते. अशा वेळी त्याच्यावर फिनचा एक फटका, वाळूची एक लाट, हेही जड जाते. वरून पडलेली वाळू झटकायला त्याला शक्ती खर्चावी लागते आणि ती त्याच्याकडे आधीच नसते. म्हणून मी वाळूवर तरंगायला शिका म्हणते. बॉयन्सी प्रवाळावर शिकायची नसते, शिकून मग प्रवाळावर जायचे असते.

सनस्क्रीनबद्दल लोक नेहमी विचारतात. पॅसिफिकमधल्या पलाऊ या देशाने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून प्रवाळाला घातक मानलेल्या काही रसायनांच्या सनस्क्रीनवर निर्बंध आणले. माझा उपाय सोपा आहे: लांब बाह्यांचा रॅशगार्ड, पायघोळ टाइट्स, आणि मलम फक्त चेहऱ्याला, पाण्यात शिरायच्या बरेच आधी.

खाली गेल्यावर काय बघायचे? पहिली सूचना: थांबा. दोन मीटर चौरसाची एक जागा निवडा आणि पाच मिनिटे तिथेच तरंगा. मासे आधी लपतात, मग तुमची सवय होते आणि बाहेर येतात. क्लीनर रास हा बोटभर लांबीचा निळ्या पट्ट्याचा मासा एका ठरावीक जागी दुकान मांडून बसतो आणि त्याच्याहून पन्नास पट मोठे मासे तोंड आ करून, कल्ले उघडून त्याच्यासमोर रांगेत थांबतात. मोरे ईल तोंड सतत उघडझाप करत असेल तर तो धमकावत नाही, श्वास घेतो आहे. पोपटमासे प्रवाळावरचे शेवाळ चोचीने खरवडतात. तो कुरकुर आवाज तुम्हाला स्पष्ट ऐकू येईल, पण कुठून येतो ते कळणार नाही, कारण पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने धावतो आणि दोन्ही कानांना जवळपास एकदमच पोचतो. त्यांनी खाल्लेला चुना पांढरी वाळू होऊन बाहेर पडतो. किनाऱ्यावर ज्या वाळूत तुम्ही बसाल, तिच्यात त्यांचा मोठा हातभार असतो.

रंगांची एक गंमत आधी माहीत असलेली बरी. लाल रंग पाण्यात सर्वांत आधी विरतो. दहा मीटरवर तो तपकिरी-करडा दिसतो. खडकाच्या कपारीवर छोटा टॉर्च मारला की एकदम शेंदरी, किरमिजी रंग उजळतात. बोटाला कापले तर रक्त हिरवट दिसते, घाबरू नका. आणि मास्कमधून सगळे एक तृतीयांशाने मोठे आणि एक चतुर्थांशाने जवळ दिसते, म्हणून सांगितलेल्या माशाच्या लांबीतून नंतर थोडी वजाबाकी करावी लागते.

धोक्याचे म्हणाल तर शार्कपेक्षा मला टायटन ट्रिगरफिशची जास्त काळजी वाटते. अंडी घातलेली मादी घरट्याजवळ आलेल्या कुणाच्याही अंगावर धावते आणि तिचे दात जाड असतात. तिची हद्द उलट्या शंकूसारखी वर रुंद होत जाते, म्हणून घाबरून वर गेलात तर तुम्ही तिच्या हद्दीतच राहता. आडवे, तळाला समांतर पोहत दूर व्हा, फिन्स तिच्या बाजूला ठेवा. लायनफिश आणि स्टोनफिश स्वतःहून काही करत नाहीत. त्यांच्यावर हात किंवा पाय पडला तरच काटा लागतो. लागलाच तर ती जागा सोसवेल इतक्या गरम पाण्यात तास-दीड तास धरायची आणि डॉक्टरकडे जायचे. फायर कोरल नावाची पिवळट-तपकिरी गोष्ट जहाजांच्या कठड्यांवर भरपूर वाढते. तो खरा प्रवाळ नाही, पण लागला की भाजल्यासारखी आग होते. कशालाच हात लावायचा नाही, हा नियम तुमच्याही फायद्याचा आहे.

कासव दिसले तर त्याच्या मागे लागू नका. त्यालाही श्वास घ्यायला वर जावे लागते, आणि पाठलागात त्याची दमछाक होते. बाजूला, थोडे खालच्या पातळीवर थांबलात तर अनेकदा तेच तुमच्याकडे येते.

आता जहाज.

बुडालेले जहाज काही वर्षांत प्रवाळाचे घर होते, कारण समुद्राच्या वाळवंटी तळावर चिकटायला कठीण पृष्ठभाग मिळणे दुर्मीळ असते. शिवाय जहाज उंच उभे असते, त्याच्यावरून पाण्याची ओढ वाहते आणि ओढीबरोबर अन्न येते. बालीतल्या तुलांबेनचे लिबर्टी हे जहाज पाहा. १९१८ साली बांधलेले हे अमेरिकी मालवाहू जहाज ११ जानेवारी १९४२ रोजी जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने जायबंदी झाले आणि तुलांबेनच्या किनाऱ्यावर लावले गेले. वीसेक वर्षे ते किनाऱ्यावरच पडून होते. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकाने ते पाण्यात ढकलले. आज त्याचा वरचा भाग पृष्ठभागापासून काही मीटरवर आणि खालचा तीस मीटरच्या आसपास आहे. किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचे, काळ्या वाळूवरून थोडे पोहायचे, की समोर जहाज. पहाटे उतरलात तर कपाळावर टेंगूळ असलेल्या मोठ्या पोपटमाशांचा कळप झोपेतून उठून बाहेर पडताना दिसतो. उथळ भाग असलेले असे जहाज तुमच्यासारख्यांसाठी योग्य.

तुमच्या बेटाजवळच्या जहाजाबद्दल म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: त्याचा सर्वांत वरचा भाग किती मीटरवर आहे, आणि तळ किती? वरचा भाग अठरा मीटरच्या आत येत नसेल तर या खेपेला ते जहाज तुमचे नाही. दुसरा प्रश्न: ते अपघाताने बुडाले की मुद्दाम बुडवले? कृत्रिम खडक म्हणून मुद्दाम बुडवलेल्या जहाजांतून आधी तेल काढतात, दारे आणि केबल काढून टाकतात, बाहेर पडायला मोठी भोके पाडतात. कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटाजवळचे किटिवेक जहाज जानेवारी २०११ मध्ये असेच बुडवले. तरी समुद्र जहाजाला एका जागी राहू देतोच असे नाही. किटिवेक २०१७ च्या वादळी लाटांत कलले; फ्लोरिडाजवळचे स्पीगेल ग्रोव्ह २००२ साली बुडवताना उलटेपालटे झाले आणि २००५ च्या चक्रीवादळाने त्याला पुन्हा सरळ केले. कालची मोकळी वाट आज मोकळी असेलच, असे कुणी सांगू शकत नाही.

आत का नको, हे मी ऐकीव गोष्टींवरून सांगत नाही. माझ्या साठ-एक बुड्या झाल्या होत्या तेव्हा एका वाटाड्यामागून आम्ही चौघे एका जहाजाच्या माल ठेवायच्या भागातून खलाशांच्या खोल्यांकडे जाणाऱ्या बोळात शिरलो. कुणाकडेही मार्गदोर नव्हता. आत जाताना पाणी काचेसारखे होते. पुढच्या दोघांनी पाय वर-खाली मारत पोहायला सुरुवात केली आणि तळाचा गाळ उठला. आमचे बुडबुडे छताला लागून वरून गंज झडायला लागला. दहा सेकंदांत टॉर्चचा झोत म्हणजे डोळ्यांसमोरची तपकिरी भिंत झाली. मला स्वतःचा हात दिसत नव्हता. कुणीतरी टाकीवर ठोकत होते, पण आवाज चारी बाजूंनी येत होता. मी सर्वांत मागे होते आणि भीतीने एका हाताने दाराची चौकट घट्ट धरून ठेवली होती. त्या चौकटीमुळे मला बाहेरची दिशा माहीत होती. बाकीचे चाचपडत माझ्यापर्यंत आले. सगळे बाहेर पडलो. आत शिरताना माझ्या टाकीत हवेचा दाब ११० बार होता, बाहेर आले तेव्हा ७०. जेमतेम काही मिनिटांत एवढी हवा भीतीने ओढली होती.

त्यानंतर मी रेकचे, म्हणजे बुडालेल्या जहाजात उतरण्याचे प्रशिक्षण रीतसर घेतले. त्यात रीलवरचा दोर बाहेर बांधून आत नेतात, एक मुख्य आणि दोन जादा टॉर्च असतात, हवेचे तीन भाग करतात: एक आत जायला, एक परत यायला आणि तिसरा भाग न वापरण्यासाठी. खोली आणि आतले अंतर मिळून चाळीस मीटरच्या पुढे जात नाहीत. आणि बेडकासारखी लाथ शिकवतात, ज्यात पाण्याचा झोत मागे जातो, खाली नाही. हे सगळे अंगवळणी पडायला वेळ लागतो. "काही नाही, फक्त माझ्या मागे या" असे कुणी म्हणाले तर नम्रपणे बाहेर थांबा. अंगठा वर करून बुडी संपवण्याचा हक्क प्रत्येकाला असतो. त्याचे कारण विचारायचे नसते.

मोकळ्या आरपार जागेचा प्रश्न वेगळा. दोन्ही टोकांचा उजेड एकाच वेळी दिसतो आहे, दोन माणसे शेजारी-शेजारी जाऊ शकतात, तळाला गाळ नाही आणि तारा लोंबत नाहीत, अशी जागा असेल आणि तुमचा इन्स्ट्रक्टर तुम्हाला चार-पाच बुड्या पाहून ओळखत असेल, तर जायला हरकत नाही. यातले एकही नसेल तर नको.

बाहेरून बघण्यात कमीपणा वाटत असेल तर ऑस्ट्रेलियातल्या योंगालाचा विचार करा. २३ मार्च १९११ रोजी चक्रीवादळात हे प्रवासी जहाज बुडाले. १२२ जण गेले, एकही वाचला नाही. जहाजावर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे वादळाचा इशारा त्यांच्यापर्यंत पोचला नाही. आज त्याच्यावरचे मऊ प्रवाळ, समुद्री साप, कासवे, रे मासे यांच्यासाठी जगभरातून लोक येतात, आणि आत शिरायला तिथे बंदी आहे. ती ओढीची, अनुभवी लोकांची जागा आहे, तुम्हाला तिथे पाठवत नाही. पण नावाजलेल्या जहाजांपैकी एक जहाज सगळे जग बाहेरूनच बघते, एवढे लक्षात घ्या.

बाहेर बघण्यासारखे काय असते? मागच्या टोकाला पंखा आणि सुकाणू: जहाजाचा खरा आकार तिथे कळतो, फक्त तो भाग बहुधा सर्वांत खोल असतो. नांगर जागेवर आहे की साखळी बाहेर पडलेली आहे, यावरून शेवटच्या क्षणांचा अंदाज येतो. पत्रा आत वाकला आहे की बाहेर, यावरून धडक की आतला स्फोट हे दिसते. लाल समुद्रातले थिसलगॉर्म ६ ऑक्टोबर १९४१ ला जर्मन विमानांच्या बॉम्बने बुडाले तेव्हा त्याच्यातल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि डेकवरची रेल्वे इंजिने उडून बाजूच्या वाळूत पडली. ती आजही तिथे आहेत. तुमच्या जहाजाची गोष्ट उतरण्याआधी वाचून जा. नाव, साल, काय वाहून नेत होते, कोण गेले. मग खाली लोखंडाचा ढीग दिसत नाही.

आणि तिथून काही उचलू नका, बशीचा तुकडासुद्धा. अनेक जहाजे म्हणजे माणसांच्या कबरी आहेत. पॅसिफिकमधल्या ट्रुक लगूनमध्ये दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४४ च्या हल्ल्यात बुडालेल्या काही जहाजांत अस्थी अजून आहेत. शंभर वर्षांहून जास्त काळ पाण्याखाली असलेल्या अवशेषांसाठी युनेस्कोचा २००१ चा करार आहे, आणि बहुतेक देशांचे स्वतःचे कायदे आहेत.

हवेचा हिशेब एकदा कागदावर करून बघा, मग खोलीचा मोह आपोआप कमी होतो. बारा लिटरच्या टाकीत २०० बारला २४०० लिटर हवा असते. ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखून ठेवायची. उरली १८००. पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर घेणारा शांत माणूस दहा मीटरवर चाळीस घेतो, म्हणजे पाऊण तास. वीस मीटरवर साठ, म्हणजे अर्धा तास. तीस मीटरवर ऐंशी, म्हणजे बावीस-तेवीस मिनिटे, त्यातच उतरणे आणि चढणे आले. नवशिका यापेक्षा जास्त ओढतो. शिवाय तीस मीटरच्या सुमारास नायट्रोजनची धुंदी काहींना जाणवू लागते आणि निर्णय मंदावतात. रंग उथळ पाण्यात, प्रवाळ उथळ पाण्यात, मासे उथळ पाण्यात. दहा-पंधरा मीटर ही सुट्टीतली सर्वांत श्रीमंत खोली आहे.

दिवसांची मांडणी मी अशी करेन. पहिला दिवस पोचण्याचा, भरपूर पाणी पिण्याचा आणि झोपेचा. दुसऱ्या दिवशी तुमचा रिफ्रेशर, पत्नीचा उथळ पाण्यातला सराव. तिसरा आणि चौथा त्यांचा कोर्स; तुम्ही गाइडबरोबर प्रवाळावर, दिवसाला दोन बुड्या, खोल आधी आणि उथळ नंतर. पाचव्या दिवशी सुट्टी. हा दिवस लोक गाळतात, पण कान आणि शरीर दोन्हींना तो हवा असतो. सहाव्या-सातव्या दिवशी दोघे मिळून प्रवाळ, कॅमेरा न घेता. आठव्या दिवशी जहाज, पाण्याला ओढ नसलेल्या वेळी. भरती-ओहोटीच्या मधला संथ वेळ कोणता हे तिथल्या लोकांना नेमके ठाऊक असते. नवव्या दिवशी सकाळी तेच जहाज पुन्हा. दुसऱ्यांदा ते पूर्ण वेगळे दिसते, कारण पहिल्यांदा तुम्ही निम्मा वेळ स्वतःकडे बघत असता. त्यानंतर टाक्या बंद.

प्रत्येक बुडीत सावकाश वर या, मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा जलद नाही, आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबा. शेवटची बुडी आणि विमान यांत, अनेक दिवस बुड्या केल्या असतील तर, डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंगच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या सल्ल्यानुसार किमान अठरा तास हवेत. मी चोवीस धरते. विमानात दाब कमी होतो आणि शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. सांधेदुखी, मुंग्या, विचित्र थकवा, त्वचेवर चट्टे, चक्कर यांपैकी काहीही बुडीनंतर जाणवले तर "झोपून उठलो की बरे वाटेल" असे म्हणू नका. लगेच सांगा, ऑक्सिजन घ्या, डॉक्टर गाठा.

डाइव्ह सेंटर निवडताना बोटीवरचा ऑक्सिजनचा संच डोळ्यांनी बघायला मागा. एका गाइडमागे किती जण, हे विचारा. चारांपेक्षा जास्त असतील तर तुमच्यासाठी ते जास्त आहेत. आणि ते तुम्हाला काय विचारतात याकडे लक्ष द्या. शेवटची बुडी कधी केली, किती खोल, कान कसे आहेत, असे प्रश्न न विचारता जे थेट उद्याच्या जहाजाच्या बोटीत तुमचे नाव लिहितात, त्यांच्याकडून उठून या.

दहावा दिवस कोरडा. पण मास्क आणि स्नॉर्कल घेऊन कमरेएवढ्या पाण्यात जायला काहीच हरकत नाही. चेहरा पाण्यात घाला, श्वास संथ करा आणि ऐका: पोपटमाशांची कुरकुर तिथपर्यंत येते.